पार्ल्यात दोन बेसमेंटसाठी शोअर पाइलिंग करून घेतलं, त्या एजन्सीचा रिव्ह्यू (पाचपैकी साडेतीन)

विलेपार्ले पूर्वेला एका जुन्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटवर मी साइट इंजिनिअर आहे. पगार बिल्डरकडून घेतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना किती मीठ टाकून वाचायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. रिव्ह्यू आहे शोअर पाइलिंगवाल्या एजन्सीचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बेसमेंट खोदायच्या आधी प्लॉटच्या कडेने जमिनीत जी भिंत उभी करतात, शेजारची माती आणि शेजारची बिल्डिंग आपल्या खड्ड्यात येऊ नये म्हणून, ते काम. आपली बेसमेंटची खरी आरसीसी भिंत आणि स्लॅब झाले की हिची गरज संपते, पण तोपर्यंत सगळ्यांचा जीव हिच्यावर. एजन्सीचं नाव लिहीत नाहीये कारण हिशोब अजून मिटलेला नाही, आणि खरं सांगायचं तर या लाइनमधल्या बऱ्याच एजन्सींचं चांगलं-वाईट याच साच्यातलं असतं, त्यामुळे नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते कामाचं.

आधी साइट सांगतो नाहीतर बाकीचं कळणार नाही. पार्ल्यात एअरपोर्टमुळे उंचीवर बंधन आहे, त्यामुळे पार्किंगचे पोडियम वर चढवले तर विकायचे मजले कमी होतात, म्हणून सगळे खाली जातात. आमचे दोन बेसमेंट, खोदाई ९ मीटर. तीन बाजूंना दुसऱ्यांच्या बिल्डिंगा, चौथ्या बाजूला रस्ता. त्यातली एक बिल्डिंग तळमजला अधिक तीन, लोड बेअरिंग (म्हणजे कॉलम नाहीत, भिंतींवरच उभी), सत्तरच्या दशकातली, कंपाउंडपासून जेमतेम तीन मीटरवर आणि तिचा पाया दीड मीटर खोल. म्हणजे तिच्या पायापेक्षा साडेसात मीटर खाली आम्ही जाणार. माती बघाल तर वर भराव (त्यात जुन्या चाळीच्या विटा, पाइपचे तुकडे, सगळं निघालं), मग पिवळी चिकणमाती, मग मुरूम, आणि साधारण ६ मीटरनंतर कुजका खडक, खाली कडक. पाणी उन्हाळ्यात ४ मीटरवर होतं, पावसाळ्यात २ वर येतं. उतार देऊन उघडं खोदायला जागाच नाही, तेवढा उतार द्यायचा म्हटलं तर शेजारच्यांचा जिना आमच्या खड्ड्यात.

कोटेशनं मागवली तेव्हा प्रत्येकाने वेगळीच सिस्टीम विकायचा प्रयत्न केला, ज्याच्याकडे जे मशीन पडून आहे ते तो सुचवतो हे लक्षात ठेवा. एकाने शीट पाइल म्हटलं, म्हणजे लोखंडी पत्रे ठोकून खाली घालायचे. मऊ गाळात छान चालतं ते, पण आपल्याकडे ६ मीटरला खडक, पत्रा तिथे जाऊन वाकणार, आणि ठोकताना शेजारच्या सत्तरच्या बिल्डिंगचं प्लास्टर खाली येणार ते वेगळं. डायफ्राम वॉल म्हणजे बेंटोनाइटच्या घोळात चर खणून सलग काँक्रीटची भिंत, उत्तम गोष्ट, पण त्याला बेंटोनाइटचा प्लांट, टाक्या, मोठी क्रेन एवढं सगळं ठेवायला आमच्याएवढा अजून एक प्लॉट लागेल, शिवाय ग्रॅब खडकात चालत नाही. सीकंट पाइल म्हणजे एकमेकांत घुसलेले पाइल (पाइल म्हणजे जमिनीत भोक पाडून ओतलेला काँक्रीटचा खांब), आधी बिनसळईचे मऊ पाइल आणि मग त्यांना कापत मधे सळईचे, मेट्रो ३ च्या वरून खोदलेल्या बऱ्याच स्टेशनांना हेच वापरलं, पाणी चांगलं अडतं. आम्हालाही हेच हवं होतं पण बजेटवाल्यांनी हात वर केले. शेवटी ठरलं ते मुंबईत सगळे करतात तेच, टच पाइल, म्हणजे एकमेकांना जेमतेम टेकतील असे शेजारी शेजारी पाइल. ६०० मिमी व्यासाचे पाइल ६५० च्या अंतराने, वर सगळ्यांना बांधणारा कॅपिंग बीम, आणि भिंतीला मागून ओढून धरणारे तिरके अँकर दोन ओळींत.

(पुण्याचा माझा एक मित्र विचारत होता की तिकडे एवढं कशाला लागत नाही. तिकडे बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मीटरवर काळा पाषाण लागतो, वरचा मुरूम नेलिंग (आत सळया घालणं) आणि शॉटक्रीट (वरून काँक्रीट फवारणं) करून धरला की झालं. प्लॉट बदलला की सगळं बदलतं, त्यामुळे दुसऱ्याच्या साइटचं डिझाइन उचलून आणू नका.)

आता एजन्सी. पाइलिंगच्या टीमला मी पैकीच्या पैकी देतो, खरंच. रोटरी रिग आणली, ऑपरेटर झारखंडचा, त्याचा हात असा की बकेट वर आली की मातीचा रंग बघूनच सांगायचा आता मुरूम संपला. एक सोडून एक पाइल मारायचे, शेजारचा ताजा असताना बोअर करायचा नाही, हे न सांगता पाळलं. भरावात लायनर (भोकाला आतून धरणारी लोखंडी नळी) पूर्ण घातला, नाहीतर बऱ्याच साइटवर लायनर अर्धाच घालतात आणि मग भोक ढासळतं, जिथे ५ घनमीटर काँक्रीट जायला हवं तिथे ७ जातं आणि तरी लोक खूश होतात की पाइल जाड झाला. केज (सळयांचा पिंजरा) उतरवताना कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई कडेला टेकू नये म्हणून लावतात ते ठोकळे, मोजून लावलेले. ट्रेमी पाइप (ज्यातून काँक्रीट थेट तळाला सोडतात तो) काँक्रीटमधून बाहेर काढायची घाई केली नाही. प्रत्येक पाइलची शीट होती, कुठल्या खोलीला काय लागलं, किती वाजता काँक्रीट सुरू, किती घनमीटर गेलं. आणि यातूनच कळलं की आमच्या एवढ्याशा प्लॉटमध्ये रस्त्याच्या बाजूला खडक ६ मीटरला आणि मागच्या कोपऱ्यात साडेनऊला, म्हणजे चार बोअर होलच्या सॉइल रिपोर्टमध्ये जे दिसलंच नव्हतं. तिथले पाइल ११ मीटरपर्यंत न्यावे लागले.

एक गोष्ट मात्र एजन्सी सांगत नाही आणि तुम्हालाच विचारावी लागते, ती म्हणजे पाइल किती सरळ जाणार. आपल्या आयएस २९११ मध्ये (पाइलचा भारतीय कोड) उभ्या पाइलला दीड टक्का झुकायची मुभा आहे. ऐकायला काहीच नाही. आता गणित करा, ११ मीटरच्या पाइलला दीड टक्का म्हणजे तळाशी १६५ मिमी. शेजारचा पाइल उलट्या बाजूला तेवढाच गेला तर दोघांमधे वर ५० मिमीची फट असेल ती खाली ३८० होते, म्हणजे त्यातून माणूस आडवा होऊन जाईल, आणि दोन्ही पाइल कोडप्रमाणे पास! बिल्डिंगच्या पायाचा पाइल असेल तर हे चालतं, कारण दोन पाइलच्या मधे काय आहे याने काही फरक पडत नाही. इथे तर मधलं सगळं भिंतीचंच काम करायला हवं. त्यामुळे वर्क ऑर्डरमध्ये वेगळं लिहून घ्या, निदान शंभरात एक, आणि गाइड वॉल किंवा टेम्पलेट (पाइल जागेवर आणि सरळ जावा म्हणून वर केलेला साचा) करायलाच लावा. आमच्याकडे टेम्पलेट होतं आणि बहुतेक पाइल सरळ निघाले. बहुतेक म्हणतोय, कारण मागच्या कोपऱ्यातले ते लांब पाइल.

खोदाई सुरू झाली आणि तिथे कामाची दुसरी बाजू दिसायला लागली.

मागच्या कोपऱ्यात साडेचार मीटरला दोन पाइलच्या मधून पाणी यायला लागलं. पाणी येणारच, टच पाइल गळतोच, आणि एका अर्थी तो गळावा हेच बरं. कारण भिंतीमागे पाणी तुंबलं तर काय होतं बघा, आमच्याकडे पाणी २ मीटरवर आणि खोदाई ९, म्हणजे ७ मीटर पाणी मागे उभं, तळाशी दर चौरस मीटरला ७ टन दाब आणि भिंतीच्या प्रत्येक रनिंग मीटरवर साडेचोवीस टन, आणि हे फक्त पाण्याचं, मातीचा धक्का अजून मोजलेलाच नाही. आमचं डिझाइन पाणी झिरपून जाणार असं धरून केलेलं होतं. तेव्हा प्रश्न पाणी येतंय का हा नसतो, पाण्याबरोबर काय येतंय हा असतो. एजन्सीचा फोरमन म्हणाला, "पानी साफ है साब, टेन्शन मत लो." मी एक रिकामी बिसलेरी कापून त्यात ते पाणी धरलं आणि कॅपिंग बीमवर ठेवून दिली. जेवून आलो तर तळाला बोटभर पिवळा गाळ बसलेला. म्हणजे भिंतीमागची माती हळूहळू धुऊन आमच्याकडे येत होती, आणि मागे काय आहे तर ती सत्तरची बिल्डिंग. हे धुतलेलं दिसत नाही, मागे पोकळी होत जाते आणि एक दिवस पेव्हर ब्लॉक खाली बसतात.

फोरमनला दाखवलं तर त्याचं उत्तर तयार, पाइलमधलं ग्राउटिंग आमच्या स्कोपमध्ये नाही. मी वर्क ऑर्डर काढून वाचली आणि खरंच नव्हतं! "पाइलिंग, कॅपिंग बीम, अँकर" एवढंच. फटी भरणं, जाळी लावून शॉटक्रीट, वीप होल (पाणी बाहेर पडायची भोकं), डीवॉटरिंग (पाणी उपसणं), सगळं "बाय क्लायंट", म्हणजे आमच्याच गळ्यात. आमच्या कमर्शियलवाल्यांनी, म्हणजे भाव ठरवणाऱ्यांनी, रनिंग मीटरचा भाव घासून घासून खाली आणला होता ना, तो असाच खाली येतो. लगेच त्या कोपऱ्यातली खोदाई थांबवली, माती परत लोटून भिंतीला टेकू दिला (हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पटकन होणारं काम, शंका आली की पोकलेनला उलटं काम सांगा), फटीत पाइप खोचून पाण्याला वाट ठेवली, त्याच्या तोंडाला जिओटेक्स्टाइल कापड बांधलं म्हणजे पाणी जाईल माती राहील, आणि बाकी फट ग्राउट करून वरून जाळी आणि शॉटक्रीट. पैसे वेगळे मोजले. एजन्सीने काम चांगलं केलं, पटकन केलं, पण एक्स्ट्रा आयटमचा भाव अडलेल्या गिऱ्हाइकाला लावतात तसा लावला. स्टारमधला अर्धा तिथे गेला.

डीवॉटरिंगचं थोडं. जास्त पंप लावून जमीन कोरडी ठणठणीत केली की खोदाईवाला खूश, पण शेजारच्या मातीतलं पाणीही खाली जातं आणि चिकणमातीतलं पाणी गेलं की ती बसते, आणि तिच्यावरची बिल्डिंगही. म्हणून बाहेरच्या बाजूला पिझोमीटर लावून पाण्याची पातळी बघत बघत पंप चालवायचा असतो. आमच्याकडे पिझोमीटर होते, कोटेशनमध्ये होते म्हणून लावले, पण त्यातलं रीडिंग कोणी घ्यायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. पावसाचं म्हणाल तर, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, आणि सांताक्रूझ आमच्या बाजूलाच. तसा पाऊस आमच्या ९०० चौरस मीटरच्या खड्ड्यात सरळ वरून पडला तरी साडेआठ लाख लिटर, १० हजारवाले ८५ टँकर, आणि रस्त्यावरून वाहत येईल ते वेगळंच. तेव्हा कडेने वर पॅरापेट करून बाहेरचं पाणी अडवा, आणि पंपाला डिझेलवर चालणारा जोडीदार ठेवा कारण लाइट नेमकी त्याच दिवशी जाते.

अँकरचं काम एजन्सीने दुसऱ्याला दिलं होतं. हे असंच असतं या लाइनमध्ये, पाइलिंगवाला वेगळा, अँकरवाला वेगळा, शॉटक्रीटवाला तिसरा. अँकर म्हणजे भिंतीतून तिरकं भोक पाडून खडकापर्यंत जायचं, आत स्टीलच्या वायरींचे स्ट्रँड सारून खडकातला भाग सिमेंटने ग्राउट करायचा, तो कडक झाला की बाहेरून जॅकने ताणून लॉक करायचं. आमचे ४ स्ट्रँडवाले, ४० टनाचे. आता हे ताणताना दोन गोष्टी बघायच्या असतात, गेजवरचा दाब आणि स्ट्रँड किती मिमी लांब झाला. आमच्या मोकळ्या लांबीला (खडकात ग्राउट न केलेला भाग) ४० टनाला हिशोबाने २९ मिमीच्या आसपास यायला हवं. प्रत्यक्षात खडक, ग्राउट, वेजची (स्ट्रँड धरून ठेवणारी पाचर) पकड यामुळे कुठे २६ येतं कुठे ३३. आणि आमच्या अँकरवाल्याच्या रिपोर्टमध्ये बघतो तर पहिल्या ओळीला २९, २९, २९, ३०, २९, २९. अख्खी ओळ! कॉलेजच्या जर्नलमध्ये आपण रीडिंग कशी टाकायचो ते मला चांगलं आठवतं त्यामुळे वास लगेच आला. काही अँकरची लिफ्ट ऑफ टेस्ट मागितली, म्हणजे परत जॅक लावून बघायचं की वेज कुठल्या लोडला हलते. बरेचसे ठीक होते, पण काहींमध्ये निम्माच लोड शिल्लक. परत ताणून घेतले, माझ्या समोर, प्रत्येकाच्या स्ट्रँडवर मार्करने रेघ मारून पट्टीने मोजून. अँकरवाल्याचा पोरगा म्हणतो कसा, "साहेब तुम्हीच पहिले बघताय मोजणारे." स्टारमधला एक पूर्ण तिथे गेला.

अँकरबद्दल अजून एक, ते शेजारच्याच्या जमिनीखाली जातात. आमच्या दोन शेजाऱ्यांनी एनओसी दिली, तिसऱ्या सोसायटीने नाही दिली. बिल्डरच्या ऑफिसात त्यांना बरंच काही बोलून झालं पण मला विचाराल तर त्यांचा हक्क आहे, उद्या त्यांचं रिडेव्हलपमेंट निघालं तर त्यांच्या पाइलच्या आड आमचे स्ट्रँड येणार. त्या बाजूला मग आतून लोखंडी स्ट्रट (टेकू) दिले, कोपऱ्यात तिरके आणि मधे जमिनीवर टेकलेले रेकर. हे खड्ड्यात मधे मधे येतात, पोकलेनवाला शिव्या घालतो, डंपरचा रॅम्प बदलावा लागतो, पण जमतं. बघायचं काय, तर स्ट्रट जिथे वेलर बीमला (भिंतीला लागून जाणारा आडवा बीम) भेटतो तो जोड. सिंगापूरला २० एप्रिल २००४ ला निकोल हायवेच्या बाजूची मेट्रोची खोदाई कोसळली, चार माणसं गेली, तिथे डायफ्राम वॉल होती, स्ट्रटच्या ओळीवर ओळी होत्या, सगळं महागडं सामान. मऊ मातीची ताकद डिझाइनमध्ये जास्त धरली गेली होती आणि स्ट्रट-वेलरचा जोड कमी पडला. आणि भिंत मर्यादेबाहेर हलतेय हे इन्क्लिनोमीटर (भिंत कुठल्या खोलीला किती सरकली ते मोजणारं यंत्र) आधीपासून सांगत होते, पण दरवेळी परत गणित करून मर्यादाच वाढवून घेतली गेली. चौकशीत हे सगळं बाहेर आलं. मी आमच्या जोडांना स्टिफनर प्लेट आहेत की नाही ते टॉर्च मारून बघितलं, दोन ठिकाणी वेल्डिंग टाचण मारल्यासारखं होतं, पूर्ण करून घेतलं.

खडकातली खोदाई आपल्याकडे शहरात सुरुंग न लावता ब्रेकरनेच करावी लागते, आणि तो आवाज आणि हादरे म्हणजे शेजाऱ्यांचे हाल. बाजूच्या बिल्डिंगमधल्या आजी रोज दुपारी गॅलरीत येऊन, "अहो इंजिनिअर, तीन वाजेपर्यंत तरी थांबवा की, डोळा लागत नाही हो." थांबवायचो, दीड ते साडेतीन ब्रेकर बंद. व्हायब्रेशन मीटर त्यांच्या प्लिंथवर लावला होता, जर्मन स्टँडर्डमध्ये नाजूक जुन्या बांधकामाला कमी फ्रिक्वेन्सीला सेकंदाला ३ मिमीची मर्यादा आहे, आम्ही तीच धरली. भिंतीच्या लगतचा खडक ब्रेकरने न फोडता आधी ओळीने ड्रिल मारून सोडवला. रस्त्याच्या बाजूला पाइल साडेसात मीटरलाच खडकात संपतात आणि खोदाई ९ पर्यंत, म्हणजे खालचा दीड मीटर नुसता खडक. तिथे पाइलच्या पायाला चिकटून सरळ खाली कापायचं नाही, निदान अर्धा मीटर खडकाची पायरी सोडायची आणि बोल्ट मारायचे, नाहीतर पाइलचा पायच निसटतो. पोकलेनवाल्याला ती पायरी म्हणजे राहिलेलं काम वाटतं, तो रात्री येऊन साफ करून जातो! लाल रंगाने पट्टा मारून ठेवा.

आता मॉनिटरिंग, ज्यासाठी खरं म्हणजे हा रिव्ह्यू लिहायला घेतला. एजन्सीच्या ब्रोशरमध्ये इन्क्लिनोमीटर, टिल्ट मीटर, लोड सेल, सेटलमेंट पॉइंट, सगळ्याचे फोटो आहेत. लावलेही सगळे. इन्क्लिनोमीटरची नळी पाइलच्या खाली खडकात नेऊन बसवली हे चांगलं केलं, कारण नळीचा तळच भिंतीबरोबर हलला तर सगळी रीडिंग खोटी, तुम्ही मोजताय ते हलत्या जागेवरून. पण रीडिंग आठवड्यातून एकदा, आणि पीडीएफ त्यानंतर चार दिवसांनी मेलवर, तीही अकाउंट्सच्या मेलवर. आमची मर्यादा होती १५ मिमीला सावध आणि २५ ला काम बंद. जुलैच्या जोरदार पावसाच्या आठवड्यात मागच्या कोपऱ्यात भिंत १७ मिमी आत आली, आणि हे कळलं कधी, तर पाऊस थांबून ऊन पडल्यावर. त्याच्या आधी मला ते कळलं होतं शेजारच्या काकांमुळे. त्यांच्या जिन्याखालच्या जुन्या भेगेवर आम्ही काचेची पट्टी चिकटवली होती, भेग वाढली की काच तडकते एवढंच तंत्रज्ञान. ते सकाळी फिरायला निघाले की बघायचे. त्यांचा फोन आला, "अरे तुझी काच गेली रे." लगेच त्या भागात खोदाई बंद, पायथ्याला मुरमाचा ढीग, कोपऱ्यात जादा अँकर. भिंत १९ वर थांबली आणि तिथेच राहिली.

त्यामुळे मॉनिटरिंगचा माणूस एजन्सीचा नको. ज्याने भिंत बांधली तोच भिंत हलतेय का ते सांगणार, आणि हलतेय म्हटलं तर खर्च त्याचाच, मग तो कशाला म्हणेल. वेगळी एजन्सी लावा, रीडिंग पावसात रोज, आणि आकडा त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर साइट इंजिनिअर, डिझाइनर आणि शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी तिघांनाही. सेक्रेटरीला पाठवायचं म्हटल्यावर आमच्या ऑफिसात आधी ठिणगी पडली, पण पाठवायला लागल्यावर त्यांची भांडणं निम्म्यावर आली. आकडा न सांगितला की लोक त्यापेक्षा वाईटच धरून चालतात, आणि त्यांची तरी काय चूक, जून २०१८ ला वडाळ्यात अँटॉप हिलला शेजारच्या खोदाईत कंपाउंड आणि पार्किंग खचून गाड्या गाडल्या गेल्या होत्या, जुलै २०२३ मध्ये चुनाभट्टीत रस्त्याची कड ढासळून गाड्या खड्ड्यात पडल्या, व्हिडिओ सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. दोन्ही वेळा पावसात. काम सुरू होण्याआधी शेजाऱ्यांच्या घरात जाऊन प्रत्येक भेगेचे तारखेसह फोटो आणि व्हिडिओ मात्र एजन्सीने नीट काढले होते, त्याची एक कॉपी त्यांच्या सहीने त्यांनाच दिली, नंतर "ही भेग तुमचीच" वाले वाद त्यामुळे बरेच वाचले.

भिंतीच्या मुदतीचंही विचारून घ्या. असे अँकर साधारण दोन वर्षांपर्यंतच्या वापराचे म्हणून धरतात, त्यांना कायमच्या अँकरसारखं गंजापासून दुहेरी संरक्षण नसतं. काम वेळेत झालं तर प्रश्नच नाही. पण बिल्डरचे पैसे संपले, कोर्टात स्टे लागला आणि खड्डा तसाच पडून राहिला तर भिंत दरवर्षी म्हातारी होतेय आणि शेजारच्यांना वाटतंय की काँक्रीटची आहे, काही होत नाही. तुम्ही शेजारी असाल आणि बाजूचा खड्डा बंद पडलेला असेल तर डिझाइनची मुदत लेखी मागा, आणि मुदत उलटली असेल तर लिफ्ट ऑफ टेस्ट मागा. द्यायला कुरकुर करतील, तरी मागाच.

शेवटचा टप्पा म्हणजे अँकर सोडणं. खालच्या बेसमेंटची भिंत आणि स्लॅब झाला, भिंतीमागची फट भरली, की खालची ओळ ढिली करायची, मग वरचा स्लॅब, मग वरची ओळ. क्रम चुकवायचा नाही आणि गॅस कटरने सटासट कापायचं तर मुळीच नाही, ताणलेला स्ट्रँड बंदुकीतून सुटल्यासारखा मागे येतो, समोर कोणी उभं असेल तर संपलं. जॅक लावून हळू सोडायचं. तर एजन्सीने तोपर्यंत सामान आवरून दुसऱ्या साइटवर नेलेलं, फोन केला की "पुढच्या सोमवारी माणूस पाठवतो". सोमवार येत राहिले. डिस्ट्रेसिंग, म्हणजे हे ताण सोडायचं काम, कोणाच्या स्कोपमध्ये यावर मेलामेली झाली, यावेळी मात्र वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ निघाली आमच्या बाजूची.

परत बोलवेन का? पाइल मारायला हो, डोळे मिटून, त्या झारखंडच्या ऑपरेटरसकट. अँकर त्यांच्या त्या माणसाकडून नाही. फटी, शॉटक्रीट, पाणी आणि डिस्ट्रेसिंग हे सगळं भावात धरून एकच रेट द्या म्हणेन, तो रेट जास्त दिसेल आणि कमर्शियलवाले परत घासायला बसतील, बसू देत. रिटेन्शनचे, म्हणजे बिलातून राखून ठेवलेले, पाच टक्के अजून दिलेले नाहीत, वरच्या ओळीचं डिस्ट्रेसिंगचं सर्टिफिकेट सहीसकट हातात पडलं की चेक निघेल.